वाडगा आपला, वाढणारा परका

मित्रांबरोबर बाहेर जेवायला जाणे ही शहराने माणसाला लावलेली सवय आहे. गावात माणूस घरी जेवतो, नाहीतर आपल्या जमातीच्या पंगतीत. शहरातल्या हॉटेलात मात्र अनोळखी माणसाने रांधलेले अन्न, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, आपण निवडलेल्या सोबत्यांबरोबर खाल्ले जाते. म्हणून एखाद्या शहराने परक्याला किती आपले केले हे पाहायचे असेल, तर तिथल्या हॉटेलांचा इतिहास हे एक चांगले साधन ठरते. आज मुंबई-पुण्यात आपली मुले-मुली ज्या कोरियन नूडल्सवर तुटून पडतात, त्या नूडल्सचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विशेष म्हणजे त्या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानांवर एक मुसलमान दुकानदार उभा आहे.

हुईहुईचे दुकान

तेराव्या शतकात कोरियावर गोर्यो घराण्याचे राज्य होते आणि त्या राज्यावर मंगोलांचा वरचष्मा होता. मंगोलांच्या पाठोपाठ मध्य आशियातले मुसलमान अधिकारी, व्यापारी आणि कारागीर राजधानी गेसाँगमध्ये येऊन राहिले. कोरियन लोक त्यांना ‘हुईहुई’ किंवा त्यांच्या उच्चारात ‘होएहोए’ म्हणत. राजा चुंगन्योल (१२७४ ते १३०८) याच्या काळातले ‘सांगह्वाजॉम’ नावाचे एक गाणे आजही उपलब्ध आहे. नावाचा अर्थ, सारण भरून उकडलेल्या पिठाच्या उंड्यांचे दुकान. हे दुकान चालवणारा माणूस हुईहुई आहे. गाणे थट्टेखोर आणि शृंगारिक आहे, त्यातला दुकानदार काही सज्जन म्हणून रंगवलेला नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कोरियन साहित्यातल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि त्या दुकानाचा मालक मुसलमान आहे.

पुढे जोसन घराणे आले. या नव्या दरबारातही सुरुवातीला हुईहुई मंडळी आपल्या पोशाखात हजर राहत. १४२७ मध्ये राजा सेजोंगच्या काळात हुकूम निघाला, की त्यांनी आपला वेगळा पोशाख आणि आपले विधी सोडून द्यावेत. त्यानंतर ही जमात हळूहळू कोरियन समाजात विरघळून गेली. कोरियाचा पीठ भरून उकडण्याचा प्रकार टिकला, तो करणारा दुकानदार मात्र गाण्यापुरता उरला.

इंचॉनचे बंदर

कोरियात गहू कमी पिकायचा, त्यामुळे गव्हाच्या शेवया ही लग्नकार्याची चैन होती. आपण ‘लाडू कधी देतोस?’ असे विचारतो, तसे तिथे लग्नाचे विचारायचे तर आजही ‘नूडल्स कधी खाऊ घालतोस?’ असे विचारतात. रोजच्या खाण्यातली नूडल म्हणजे उत्तरेकडची कुट्टूच्या पिठाची नेंगम्यॉन. ती थंड रश्श्यात घालून, तीही ऐन हिवाळ्यात खाल्ली जाई.

१८८३ मध्ये इंचॉनचे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले आणि समोरच्या शानडाँग प्रांतातून चिनी व्यापारी, हमाल, स्वयंपाकी येऊ लागले. त्यांनी आपल्याबरोबर आंबवलेल्या सोयाबीनची गडद चटणी आणि ती तळून शेवयांवर घालण्याची रीत आणली. हीच पुढची जाजांगम्यॉन. इंचॉनच्या चिनी वस्तीत शानडाँगच्या एका माणसाने काढलेल्या खानावळीला १९१२ मध्ये, चीनमध्ये प्रजासत्ताक आल्यावर, ‘गाँगह्वाचुन’ म्हणजे ‘प्रजासत्ताकाचा वसंत’ असे नाव मिळाले. त्या इमारतीत २०१२ पासून जाजांगम्यॉनचे संग्रहालय आहे.

संग्रहालयापर्यंतची वाट सरळ नव्हती. जुलै १९३१ मध्ये, मांचुरियात चिन्यांनी कोरियन शेतकऱ्यांवर हल्ला केल्याची अतिरंजित बातमी एका वृत्तपत्राने छापली. त्यावरून इंचॉनमध्ये दंगल पेटली आणि प्याँगयांगपर्यंत पसरली. शंभराहून अधिक चिनी मारले गेले, हजारो देश सोडून गेले. अफवा, छापील मथळा आणि मग दुकानांची मोडतोड, हा क्रम आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

जे उरले त्यांनी चूल विझू दिली नाही. १९४८ च्या सुमारास चिनी वंशाच्याच एका उत्पादकाने त्या खारट चटणीत साखरेचा पाक जाळून मिसळला. चटणी काळी, चकचकीत आणि गोडसर झाली. कोरियन जिभेला ती पटली.

उपासमारीने वाढलेली नूडल

१९५० ते १९५३ च्या युद्धाने देश उद्ध्वस्त झाला. उत्तरेकडचे लाखो निर्वासित दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर नेंगम्यॉनही आली. बुसानच्या छावण्यांत कुट्टूचे पीठ मिळेना, तेव्हा त्यांनी मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया थंड रश्श्यात घातल्या. तीच आज बुसानची प्रसिद्ध मिलम्यॉन. घर गमावलेल्या माणसाने जमेल त्या पिठात आपल्या घराची चव शोधली.

हे पीठ अमेरिकेचे होते. ज्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली १९५६ नंतर भारताच्या रेशन दुकानांत अमेरिकन गहू आला, त्याच कायद्याने तो कोरियातही गेला. आपल्याकडे त्याच्या चपात्या झाल्या, तिकडे नूडल्स. १९६३ मध्ये सामयांग कंपनीने जपानी तंत्र आणून झटपट शिजणारी रामयॉन दहा वॉनला विकायला काढली. तांदूळ अपुरा होता, म्हणून सरकारने गव्हाच्या पिठाचा प्रचार चालवला. १९६९ पासून दर बुधवारी आणि शनिवारी भरदुपारी हॉटेलांत भात विकण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांची स्वस्त नूडल-दुकाने या काळात गल्लोगल्ली निघाली. शाळा सुटल्यावर मित्रांनी तिथे बसायचे, पदवीच्या दिवशी आईबापांनी जाजांगम्यॉन खाऊ घालायची, नव्या घरात सामान हलवले की फरशीवर बसून तीच मागवायची, असे रिवाज रुजले.

याच काळात ती बनवणाऱ्या चिनी कुटुंबांचे काय झाले? १९६१ च्या कायद्याने परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवर कडक निर्बंध आले. इंचॉनमध्ये जन्मलेली तिसरी पिढीही कागदोपत्री परदेशीच होती. १९७० च्या दशकात हजारो चिनी तैवान आणि अमेरिकेकडे निघून गेले. सगळा देश ज्यांच्या हातची नूडल सणाची म्हणून खात होता, त्यांना दुकानाची जागा वाढवणे मुश्किल होते. कायमच्या निवासाचा हक्क २००२ मध्ये मिळाला आणि स्थानिक निवडणुकीत मत देण्याचा हक्क २००६ मध्ये. बंदर खुले झाल्यापासून मोजले तर १२३ वर्षे. पदार्थ एका पिढीत आपला झाला, माणसाला चार-पाच पिढ्या थांबावे लागले.

हलालचा प्रश्न

मुसलमान कोरियात पुन्हा आला तो युद्धात, तुर्की पलटणीबरोबर. तुर्की इमामांच्या सहवासात काही कोरियनांनी इस्लाम स्वीकारला. सरकारने दिलेल्या जमिनीवर आणि अरब देशांच्या पैशाने १९७६ मध्ये सोलच्या इतेवॉन भागात मशीद उभी राहिली. तिच्या उतारावरच्या गल्लीत आज तुर्की, पाकिस्तानी, हिंदुस्थानी हॉटेले आहेत.

पण कोरियन मित्रांबरोबर जेवायला बसणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. जाजांगम्यॉन डुकराच्या मांसाची, बऱ्याचदा त्याच्याच चरबीत परतलेली. नेंगम्यॉनचा रस्सा गोमांसाचा, पण जबिहा कुठला? सोयाबीनच्या थंड दुधातली काँगगुक्सू चालते. शिंपल्यांच्या रश्श्यातली कालगुक्सू मात्र आमच्या कोकणातल्या शाफई भावाला तिसऱ्यांची आठवण देईल आणि देशावरच्या हनफी भावाला विचारात पाडेल. बाजाराने ही गरज लवकर ओळखली. नाँगशिम कंपनीने २०११ मध्ये हलाल रामयॉन काढली, सामयांगच्या पाकिटांवरही पुढे हलालचा शिक्का आला.

शेजाराला मात्र वेळ लागतो आहे. देगू शहरात विद्यापीठाजवळ विद्यार्थ्यांच्या मशिदीचे बांधकाम रहिवाशांच्या विरोधामुळे २०२१ मध्ये थांबवण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर बांधकामाच्या दारात डुकरांची मुंडकी ठेवली गेली, समोर डुकराचे मांस भाजण्याची मेजवानी झाली. मित्र जोडणारे अन्न इथे कुंपणासारखे वापरले गेले. त्याच शहरातल्या काही कोरियन नागरिक संघटना विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या वाचकाला यात स्वतःची ओळख पटेल. आपली बिर्याणी, नल्ली-निहारी, रमजानच्या रात्रींचा मोहल्ला यांना शहराने केव्हाच आपले म्हटले. त्याच बिर्याणीवाल्याला भाड्याने घर मिळवताना नाव सांगायची वेळ आली की काय होते, ते आपण जाणतो. इंचॉनच्या चिन्याने हेच भोगले. त्याचा इतिहास सांगतो की लोकांना आपला पदार्थ आवडतो एवढ्यावर समाधान मानू नये. जमिनीचा, घराचा, मताचा हक्क वेगळा मागावा लागतो आणि तो कागदावर मिळवावा लागतो.

मैत्रीचा हिस्सा मात्र कायद्याबाहेरचा आहे. टोळक्याने नूडल्स खायला निघालेल्या आपल्या पोरांनी ‘हे हलाल आहे का?’ असे विचारताना ओशाळू नये. आणि कोणी उपवासाचा, शाकाहारी किंवा जैन मित्र बरोबर असेल तर हॉटेल ठरवण्याआधी ‘तुला काय चालेल?’ हे आपणही त्याला विचारावे.