बेडूक गेला, अस्वल आलं

मागच्या वर्षाच्या आधीचा, म्हणजे 2024 चा डिसेंबर. कंपनीने तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. मधल्या शनिवारी चुलतभाऊ म्हणाला, चल, डिस्नेलँडला जाऊ. दादा, वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि मी, असा लवाजमा निघाला.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या बोटीत बसलो. अंधार, काजवे, मग दोनदा धपकन खाली, आणि एकदम चाच्यांचं गाव. पुतणी किंचाळली, "तो बघ जॅक स्पॅरो!" त्याच क्षणी दादा पुटपुटला, "मी 2005 मध्ये आलो तेव्हा हा नव्हता इथे. उगाच घुसवलाय." त्यावर पुतणीने विचारलं, "बाबा, मग तू तेव्हा कोणाला बघायला आला होतास?"

दादा गप्प. मी मात्र हॉटेलवर आल्यावर रात्री दोनपर्यंत या भांडणाचा इतिहास वाचत बसलो. (सोमवारच्या मीटिंगमध्ये काय झालं ते विचारू नका.) कारण हे भांडण एकट्या दादाचं नाही. सिनेमातली पात्रं आणून जुन्या राइडचं रूप पालटलं की तिथले चाहते गेली 25-30 वर्षं एकमेकांशी वाद घालतायत.

सुरुवातीपासून बघू. डिस्नेलँड उघडलं 17 जुलै 1955 ला. आपल्याला वाटतं की आधी तिथे सगळं 'ओरिजिनल' होतं आणि मग सिनेमावाले घुसले. पण तसं नाहीये! स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि मिस्टर टोड या पहिल्या वर्षीच्या तिन्ही राइड सिनेमांवरच्याच. किल्ल्याला नाव दिलं 'स्लीपिंग ब्यूटी'चं, आणि तो सिनेमा आला 1959 मध्ये. म्हणजे जाहिरात चार वर्षं आधी उभी!

पण एक गंमत आहे. स्नो व्हाइटच्या त्या पहिल्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. बनवणाऱ्यांची कल्पना अशी की गाडीत बसलेला माणूस हाच स्नो व्हाइट. चेटकीण तुमच्याच अंगावर येणार, सफरचंद तुमच्यापुढेच धरणार. लोकांच्या ते डोक्यावरून गेलं. ते बाहेर येऊन विचारायचे, स्नो व्हाइट कुठाय? शेवटी 1983 च्या नूतनीकरणात तिला आत आणलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन छान होतं, पण युजरला कळलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साठच्या दशकात वेगळा प्रकार सुरू झाला. 1963 ची 'एन्चांटेड टिकी रूम' म्हणजे गाणारे यांत्रिक पक्षी. 1967 ची 'पायरेट्स', 1969 ची 'हाँटेड मॅन्शन'. यांच्यामागे कुठलाही सिनेमा नव्हता. वॉल्ट डिस्ने स्वतः डिसेंबर 1966 मध्ये गेला, आणि 'पायरेट्स' ही त्याने जातीने लक्ष घातलेली शेवटची राइड. त्यामुळे जुन्या चाहत्यांसाठी ती जवळजवळ देवघरासारखी. 1982 मध्ये फ्लोरिडात उघडलेलं एपकॉट तर विज्ञान, ऊर्जा, समुद्र, देशोदेशीची संस्कृती अशा विषयांवरच उभं होतं.

मग पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? एका बेडकावरून.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' 1971 पासून होती. भन्नाट गाडी हाकणारे बेडूकराव. शेवटी तुम्ही आगगाडीखाली येऊन थेट नरकात पोचता, असला अचाट प्रकार. 1997 मध्ये बातमी फुटली की ती पाडून 'विनी द पू'ची राइड येणार. चाहते टी-शर्ट घालून, फलक घेऊन राइडपाशी जमू लागले. कंपनीला पत्रं गेली. उपयोग शून्य. 7 सप्टेंबर 1998 ला राइड बंद, पुढच्या वर्षी मधाचा बुधला घेऊन अस्वल हजर.

आता विचार करा. बेडूकरावही आले होते 1949 च्या सिनेमातूनच. म्हणजे हे 'सिनेमा नको' असं आंदोलन नव्हतंच. 'आमचा जुना सिनेमा काढून तुमचा नवा नको' असं होतं. खरं तर सिनेमा हे निमित्त. लोकांना लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून नरकात गेल्याची आठवण वाचवायची होती.

पाडणाऱ्यांनाही हे कळत असावं. नव्या राइडमध्ये घुबडाच्या घरात एक चित्र आहे, त्यात टोड त्या जागेची कागदपत्रं घुबडाच्या हाती देतोय. रीतसर खरेदीखत! कॅलिफोर्नियातही 2001 मध्ये गाणाऱ्या अस्वलांचा कार्यक्रम बंद करून 2003 मध्ये तिथे पू आणला. तिथे मागे वळून वर पाहिलं तर जुन्या कार्यक्रमातली भिंतीवरची तीन मुंडकी दिसतात. आम्ही जुना कोड कॉमेंट करून ठेवतो ना, डिलीट करायला हात धजत नाही म्हणून, तसंच :)

टिकी रूमची कथा तर याहून भारी. फ्लोरिडाच्या टिकी रूममध्ये 1998 साली 'नवं व्यवस्थापन' म्हणून 'अलादीन'मधला इयागो आणि 'लायन किंग'मधला झाझू आणून बसवले. इयागो जुन्या गाण्यांची टर उडवायचा, आणि टिकी देवी चिडून त्याला शिक्षा करायची. चाहत्यांना हा कार्यक्रम बघवत नसे. जानेवारी 2011 मध्ये तिथे खरोखर आग लागली आणि इयागोच्या बाहुलीचं नुकसान झालं. चाहते म्हणाले, देवी पावली! त्याच ऑगस्टमध्ये जुना कार्यक्रम थोडा छोटा करून परत सुरू झाला. रोलबॅक म्हणतात तो हाच. पण असे रोलबॅक फार क्वचित झाले.

कारण गणित बदललं होतं. जून 2010 मध्ये युनिव्हर्सलने ऑरलँडोत हॅरी पॉटरचं गाव उभं केलं. त्यासाठी ड्रॅगनच्या एका जुन्या रोलरकोस्टरचं नाव बदलून तो पॉटरच्या गोष्टीत बसवला. लोक नुसते राइडला येत नव्हते, कांडी आणि बटरबियर घ्यायला रांगा लावत होते. डिस्नेने तोवर पिक्सार (2006) आणि मार्व्हल (2009) घेतलेलंच होतं, 2012 मध्ये लुकासफिल्मही घेतलं. घरात एवढी पात्रं असताना नवी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा धोका कोण पत्करणार?

मग एपकॉटमधल्या नॉर्वेचा नंबर लागला. तिथे 1988 पासून 'मेलस्ट्रॉम' नावाची बोट होती. वायकिंग, जंगली ट्रोल, समुद्रातलं तेल काढणारा मचाण, आणि शेवटी नॉर्वेवरची एक फिल्म. ऑक्टोबर 2014 मध्ये ती बंद झाली आणि जून 2016 मध्ये त्याच मार्गावर, त्याच बोटींतून 'फ्रोझन' सुरू झालं. चाहत्यांचा आक्षेप मला पटतो: नॉर्वे हा खराखुरा देश आहे, आणि 'फ्रोझन'चं अरेंडेल काल्पनिक. पण दुसरी बाजूही खरी. बरेच लोक ती शेवटची फिल्म न बघताच बाहेर पळायचे, आणि एल्साच्या बोटीला तासन् तास रांग लागली.

सगळ्यात कडवा वाद झाला 'स्प्लॅश माउंटन'चा. 1989 ची ही लाडकी राइड 'साँग ऑफ द साउथ' (1946) या सिनेमावर बेतलेली. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेतलं कृष्णवर्णीयांचं जगणं गोड-गोड करून दाखवल्याबद्दल त्यावर तेव्हापासून टीका होत आली. डिस्नेने अमेरिकेत तो घरी बघण्यासाठी कधी विक्रीलाही काढला नाही. जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर देश ढवळून निघालेला असताना, कंपनीने जाहीर केलं की या राइडवर आता टियाना येणार, डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. बदला आणि बदलू नका अशा दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या मोहिमा झाल्या. फ्लोरिडात ती जून 2024 मध्ये उघडली, कॅलिफोर्नियात नोव्हेंबरमध्ये.

इथे मात्र 'आमच्या बालपणाला हात लावू नका' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. कारण ज्यांना त्या गोष्टीत अपमान दिसत होता, बालपण त्यांनाही होतं. 'पायरेट्स'मध्येही एका दृश्यात बायकांचा लिलाव चालायचा. 2018 मध्ये तो काढून त्यातल्या लाल केसांच्या बाईलाच चाची केलं. त्याला सिनेमाचं निमित्तही लागलं नाही.

म्हणजे प्रत्येक बदल एकाच तराजूत घालता येत नाही. कुठे चूक दुरुस्त होते, कुठे रिकाम्या बोटी भरतात, आणि कुठे निव्वळ दुकान चालतं.

मग दादाचं दुःख कोणतं? बोटीत जॅक आला 2006 मध्ये. 2003 चा सिनेमा या राइडवरून काढला होता, आणि तीन वर्षांनी सिनेमातला माणूस राइडमध्ये परत आला. त्याआधी त्या गावात नायकच नव्हता. गाव जळतंय, चाचे गातायत, कैदी किल्लीसाठी कुत्र्याला चुचकारतायत, आणि या सगळ्यातून कोण चाललंय? तुम्ही. ती स्नो व्हाइटची जुनी कल्पनाच, इथे मात्र ती जमली होती. आता सगळे जॅकला शोधतात. नायकाची जागा भरली गेली.

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं हे आहे, की दादा तेव्हा कोणालाच बघायला आला नव्हता. नोकरीतलं पहिलं वर्ष, परका देश, खिशात मोजके डॉलर, आणि आत काय आहे ते अजिबात माहीत नाही. मी हे त्याला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असेल. पण ही आता टियानासाठी परत चल म्हणतेय."

जाईलच तो. आणि वीस वर्षांनी टियानाच्या जागी दुसरं काहीतरी आलं, की रांगेत उभी राहून कुरकुरणारी आमची पुतणी असेल.

असो. उद्या सोमवार.