सांडपाण्यावरील परसबाग

सांडपाण्यावरील परसबाग म्हणजे स्नान, कपडे व भांडी धुणे यांतून बाहेर पडणारे घरगुती पाणी वापरून घरालगत वाढविलेली झाडे व भाजीपाला. शौचालयाचे पाणी वगळून उरणाऱ्या या सांडपाण्यास 'करडे पाणी' किंवा 'राखाडी पाणी' असेही म्हणतात. शौचालयातील पाण्यासाठी मात्र 'मैलापाणी' हाच शब्द सोयीचा ठरतो. 'काळे पाणी' म्हटले की मराठी वाचकास अंदमानची शिक्षा आठवते.

पर्जन्यछायेतील महाराष्ट्रात ही पद्धत नवी नाही. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे केळ, कर्दळ किंवा अळू लावण्याची रीत जुनी आहे. साबण पावडरींचा वापर वाढल्यापासून मात्र त्या पाण्याचा गुणधर्म बदलला आहे.

== उपलब्ध पाणी ==
ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या राष्ट्रीय निकषात दरडोई दररोज ४० लिटर पाणी गृहीत धरलेले होते. त्यांपैकी १५ लिटर स्नानासाठी आणि ७ लिटर भांडी व घर धुण्यासाठी होते. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबातून दिवसाला सुमारे ११० लिटर सांडपाणी निघते. जल जीवन मिशनमध्ये निकष ५५ लिटरांचा झाल्याने हे प्रमाण आणखी वाढते. उन्हाळ्यात काही फळझाडे व एखादा भाजीचा वाफा जगविण्यास एवढे पाणी पुरेसे होऊ शकते. टँकरवर अवलंबून असलेल्या गावात बागेसाठी वेगळे पाणी मिळण्याची शक्यता नसतेच.

== पद्धत ==
सर्वांत साधी रचना उताराची असते. न्हाणीघराच्या मोरीपासून निघालेला नळ मीटरमागे साधारण २ सेंटीमीटर उतार देऊन झाडाच्या आळ्यापर्यंत नेतात. आळ्यात पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन घालून पाणी त्याखाली सोडले जाते. त्यामुळे बाष्पीभवन घटते, दुर्गंधी येत नाही आणि डासांना अंडी घालण्यास उघडे पाणी मिळत नाही. केस, धागे, खरकटे अडविण्यासाठी वाटेत जाळी किंवा खडी-वाळूची टाकी ठेवतात. ती वेळोवेळी साफ न केल्यास नळ तुंबतो. ठिबकच्या बारीक छिद्रांतून हे पाणी सोडणे बहुधा फसते.

सांडपाणी साठवून ठेवू नये, हा या पद्धतीतील महत्त्वाचा नियम आहे. साधारण २४ तासांनंतर त्यातील प्राणवायू संपून ते कुजू लागते व जंतूंची वाढ होते.

== मातीवरील परिणाम ==
कपडे धुण्याच्या पावडरींत सोडियमचे क्षार असतात. सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. मराठवाडा व विदर्भातील काळी चिकण माती मुळातच सावकाश पाणी शोषणारी व बहुधा अल्कधर्मी असल्याने तेथे हा धोका अधिक आहे; मुरमाड जमिनीत तो कमी जाणवतो. पृष्ठभागावर पांढरी पापुद्री दिसणे, पानांच्या कडा करपणे ही त्याची लक्षणे होत. टाकणखार असलेल्या साबणांतील बोरॉनही झाडांना बाधते. उपाय म्हणून आळी आलटून-पालटून वापरतात, शेणखत व गरजेनुसार जिप्सम घालतात. पावसाळ्यात सांडपाणी शोषखड्ड्याकडे वळविल्यास साचलेले क्षार पावसाने खाली धुतले जातात.

== आरोग्य ==
मैलापाणी नसले तरी हे पाणी निर्जंतुक नसते. तान्ह्या बाळाची दुपटी किंवा आजारी व्यक्तीचे कपडे धुतलेले पाणी बागेस देऊ नये. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते वापरत नाहीत. केळी, पपई, शेवगा, लिंबू यांची फळे वा शेंगा जमिनीपासून उंच असल्याने ती झाडे योग्य ठरतात. अळू शिजवूनच खातात. तरीही पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्याच्या सुरक्षित वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा चौथा खंड मैला व करड्या पाण्याच्या शेतीतील वापरासंबंधी आहे.

== शोषखड्डा की बाग ==
नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाच्या अनुभवानंतर घरोघरी शोषखड्डे खोदून उघडी गटारे बंद करण्याची पद्धत त्या जिल्ह्यात पसरली. तिचा मुख्य हेतू डासनिर्मूलन हा होता. शोषखड्ड्यातील पाणी बहुतांशी मुळांच्या खाली जाते, त्यामुळे बागेस त्याचा लाभ मर्यादित राहतो; उलट बागेस दररोज लक्ष लागते, शोषखड्ड्यास तेवढे लागत नाही. जागा असल्यास आधी आळे आणि उरलेले पाणी शोषखड्ड्यात, अशी जोडरचना करता येते.

== अन्य देशांत ==
अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २००१ पासून दिवसाला ४०० गॅलनपेक्षा कमी करडे पाणी घरच्या बागेस देण्यासाठी, ठरावीक अटी पाळल्यास, स्वतंत्र परवाना लागत नाही. तेथे स्वयंपाकघरातील पाणी मात्र यातून वगळलेले आहे, कारण त्यात तेल व अन्नकण असतात. त्याच राज्यातील टूसॉन शहराने २००८ मध्ये नियम करून २०१० पासून नव्या घरांत करड्या पाण्यासाठी वेगळ्या नळजोडणीची सोय ठेवणे बंधनकारक केले.