हस्तलिखित आणि मध्यस्थ

पोलादपूरला कवींद्र परमानंदाची समाधी दाखवली जाते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याने रचलेले संस्कृत ‘शिवभारत’ तंजावरला सापडलेल्या पोथीवरून १९२७ मध्ये छापले गेले. लेखनाला आश्रय लाभणे आणि ते वाचकापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट यांनी दहा टक्के दलालीवर लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करण्याचा व्यवसाय सुरू केला. मराठीत ही संस्था रुजली नाही. तिचे काम संपादकाकडे आले. हरि नारायण आपटे ‘करमणूक’चे (१८९०) स्वतःच संपादक असल्याने ‘पण लक्षांत कोण घेतो!’ला दार शोधावे लागले नाही. पुढे श्री. पु. भागवतांनी ‘सत्यकथा’ व ‘मौज’मधून निवड आणि संस्करण दोन्ही सांभाळले, रा. ज. देशमुखांनी १९६३ मध्ये पंचविशीतल्या नेमाड्यांची ‘कोसला’ प्रकाशित केली.

या परंपरेने वाङ्मयीन निकष घडवले. मात्र हस्तलिखित पारखणारा आणि त्याचा मोबदला ठरवणारा बहुधा एकच राहिल्याने करार व हक्कांबाबत लेखकाची बाजू मांडणारा कोणी उरला नाही. महाड-पोलादपूरच्या नवोदिताला पुण्यामुंबईच्या संपादकाचा पत्ता मिळे, वकील मिळत नसे. संपादकीय अभिरुचीची चिकित्सा करणाऱ्या मराठी समीक्षेने या अभावाचाही विचार करायला हवा.