तळटीप ३ : ‘कयामत’

३. कयामत : मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याविषयी लिहिताना लेखकाने हा शब्द वापरला आहे, पुढच्याच परिच्छेदात, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली काढलेल्या मिशन इस्पितळाच्या ओघात ‘पुनरुत्थान’ येते. दोन्हींना तो ‘प्रलय’ म्हणतो, ते चुकीचे. प्रलयानंतर सृष्टी पुन्हा होते; कयामत एकदाच. तुतारी, मेलेल्यांचे उठणे, हिशेब हे दोन्ही धर्मांत आहे. येशूही दोन्हीकडे परततो, आणि मेख नेमकी इथेच. ख्रिस्ती श्रद्धेत न्याय करणारा तोच. मुसलमानी परंपरेत हजरत ईसा, म्हणजे येशूच, शेवटच्या काळातल्या भोंदू मसीहाला, दज्जालला, मारतात आणि पुढे चारचौघांसारखे मरण पावतात, निवाडा अल्लाचा. दज्जालला ‘ख्रिस्तविरोधी’ म्हणण्याची रीत आहे, पण हा शब्द बायबलात फक्त योहानाच्या पत्रांत येतो. ज्या ‘प्रकटीकरणा’शी लोक तो जोडतात, त्यात तो नाहीच! मरण आणि उठणे यांच्या मधल्या काळाचे म्हणाल तर मुसलमानाला कबरीत मुनकर-नकीर हे फरिश्ते प्रश्न विचारतात, मग बरजखात, म्हणजे त्या मधल्या अवस्थेत, थांबणे. वॉन्लेस प्रेस्बिटेरियन, त्यांच्या पंथात असे मधले ठिकाण नाही, श्रद्धावंताचा आत्मा थेट देवापाशी जातो. साताऱ्यात काम करणारे अमेरिकन मराठी मिशन पंथाने निराळे, तरी या मुद्द्यावर एकमताचे. देह मात्र दोन्ही धर्मांत मातीतच वाट पाहतो. मिरजेतल्या मुसलमानी कबरीत चेहरा पश्चिमेला, मक्केकडे. जुन्या ख्रिस्ती रिवाजात पाय पूर्वेला, म्हणजे उठल्यावर तोंड उगवतीकडे.