घडीचं फडताळ

वडवणीतल्या किंवा आसपासच्या कुठल्याही गावातल्या पडक्या वाड्यासमोर उभं राहा. छप्पर गेलेलं असतं, दारं कुणीतरी नेलेली असतात, तरी आत संसार कसा मांडलेला होता ते उरलेल्या भिंतीवरून कळतं. दिव्याच्या काजळीनं काळी पडलेली देवळी, तिच्या बाजूला देवाचा कोनाडा, चुलीजवळ मीठ-मिरचीचा छोटा कोनाडा, माजघरात पुरुषभर उंचीचं फडताळ, आणि दोन भिंतींच्या पोटात ज्वारीचं बळद. दगडमातीची भिंत दोन-दोन हात जाड, वर माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं ते या जाडीमुळं, आणि वस्तू ठेवायला जागा मिळायची तीही तिच्यामुळंच. सामान ठेवण्यासाठी वेगळी वस्तू विकत आणायची ही कल्पनाच त्या घरांत नव्हती. भिंतीत न मावणारं उतरंडीला जायचं, उंदीर-मांजरापासून जपायचं ते शिंक्यावर, कपडे वलणीवर.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सुतार होते. औतं, तिफणी, बैलगाडीचे साटे हे त्यांचं वर्षभराचं काम. लग्नसराईच्या आधी मात्र फडताळांना चौकटी आणि झडपा बसवायची कामं यायची. कडुलिंब किंवा बाभळीचं लाकूड, आणि ऐपतदार घर असेल तर सागवान. फळी हातात घेतली की ते आधी बोट फिरवून लाकडाची नस बघायचे. नस उभी कुठं लावायची आणि आडवी कुठं, यावर फडताळाचं आयुष्य ठरतं, असं ते सांगायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, रंधा हातात घेतला नाही, पण ही नसेची गोष्ट डोक्यात राहिली. पुढं पुठ्ठ्याची फडताळं करताना तीच कामाला आली.

कोनाड्यांचा हा इतिहास ज्यांना भिंती होत्या त्यांचा आहे, आणि ही बाब मला महत्त्वाची वाटते. आपल्या वडवणी तालुक्यातली कितीतरी घरं वर्षातले पाच-सहा महिने बंद असतात. प्रवरेला १९५० च्या सुमारास राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि १९७२ च्या दुष्काळानं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं ऊसतोडीकडे आणखी लोटली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला टोळ्या निघतात. गाडीत चढतं काय? पत्र्याची पेटी, धान्याची पोती, कपड्यांची बोचकी, भांड्यांचं घमेलं, कोयते. थळात, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामावर, उसाच्या पाचटाची, बांबूच्या चटईची किंवा ताडपत्रीची कोपी. कोपीला भिंतच नाही, मग कोनाडा कुठला? सगळं जमिनीवर, नाहीतर पेटीत. पेटीच्या तळाची वस्तू हवी असेल तर वरचं सगळं उपसायचं. शाळेत येणाऱ्या मुलांची दप्तरं मी उघडते तेव्हा हीच सवय दिसते. सगळं एकावर एक कोंबलेलं, आणि सगळ्यात तळाला वही.

भिंतीबाहेरची पहिली मांडणी आली ती दुकानांतून. रॉकेलचे चौकोनी डबे लाकडी खोक्यातून यायचे, चहाच्या पेट्या प्लायच्या असायच्या, साबणाची खोकी फळ्यांची. माल संपला की खोकं आडवं करून एकावर एक रचायचं, झालं कपाट. अण्णांनी अशी कितीतरी खोकी जोडून दिली. पुढं पत्र्याची आणि मग स्टीलची भांड्यांची मांडणी आली, आणि तिला लग्नाच्या आंदणात कायमची जागा मिळाली. लेकीच्या सासरी गाडी निघाली की वर मांडणी चकाकत दिसलीच पाहिजे, असा रिवाज झाला. ज्यांना परवडत नव्हतं तेही कर्ज काढून देत. याचं मला वाईट वाटतं, कारण कर्ज काढून दिलेली ती मांडणी थळात कुणी नेत नाही. कुलुपाआड ती अर्धं वर्ष धूळ खाते.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली, आणि त्यांतली बरीचशी आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. जाड भिंती आणि वर माळवदाचा मातीचा भार, हेच मृत्यूचं कारण ठरलं. आमच्याकडं हानी तशी झाली नाही, पण भीती सगळ्या मराठवाड्यात पसरली. त्यानंतर बांधलेल्या घरांच्या भिंती विटांच्या, वीतभर किंवा त्याहून पातळ, आणि वर पत्रे नाहीतर स्लॅब. घरं बदलायला सिमेंट आणि हातात येणारा पैसा ही कारणंही होतीच, पण माझ्या मते लोकांच्या मनातून जाड भिंत उतरली ती किल्लारीनं. चार इंची भिंतीत कोनाडा खोदता येत नाही. स्लॅबच्या घरात कडप्प्याच्या फळ्या आल्या. पत्र्याच्या घरात काहीच आलं नाही, आणि तालुक्यात पत्र्याची घरं थोडी नाहीत.

या पत्र्याकडं जरा नीट बघायला हवं. सपाट पत्रा वाऱ्यानं फडफडतो, हातानं वाकतो. त्यालाच पन्हाळ्या पाडल्या की माणूस वर चालला तरी तो तोलतो. ही युक्ती हेन्री पामर नावाच्या इंग्रज अभियंत्याची, १८२९ सालची. तीच युक्ती पुढं कागदावर झाली. १८५६ मध्ये इंग्लंडात हीली आणि अ‍ॅलन यांनी पन्हाळी कागदाचं पेटंट घेतलं, ते उंच हॅटच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं तो बाटल्यांना आणि दिव्यांच्या काचांना गुंडाळायला वापरला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगनं पन्हाळीला कागदाचं अस्तर चिकटवलं, आणि आज आपण ज्याला पुठ्ठ्याचं खोकं म्हणतो त्याचा पुठ्ठा तयार झाला. मधे नागमोडी कागद आणि दोन्ही बाजूंना सपाट कागद, म्हणजे तीन पदर. अशा दोन पन्हाळ्या एकावर एक आल्या की पाच पदर.

घडीचा शोध मात्र वेगळ्या माणसाचा. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर कागदी पिशव्या छापायचा. १८७९ च्या सुमारास त्याच्या यंत्रातली घडी पाडणारी पट्टी जरा वर राहिली आणि पिशव्यांचा एक गठ्ठा कापला गेला. त्यावरून त्याच्या लक्षात आलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात करता येईल. पुठ्ठा सपाट पाठवायचा आणि तिकडं पोचल्यावर उभा करायचा, ही सगळी व्यवस्था तिथून सुरू झाली. आज कृषी सेवा केंद्रात सरकी बियाण्याची जी खोकी येतात तीही त्याच घडीवर उभी असतात.

पुठ्ठ्यावर माणूस बसू शकतो हे दाखवायला १९६०-७० ची दशकं उजाडली. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी १९७२ मध्ये पन्हाळी पुठ्ठ्याचे थर चिकटवून केलेल्या खुर्च्या बाजारात आल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०१९ मध्ये नुरू करीम यांनी आख्खा कॅफे पुठ्ठ्याचा केला. टेबलं, खुर्च्या, दिवे, सगळं. हे मी कौतुकानंच सांगते, पण माझ्या शाळेच्या जवळची गोष्ट दुसरी आहे. २०१४ च्या सुमारास ‘आरंभ’ या संस्थेनं टाकाऊ खोक्यांपासून एक वस्तू केली. साचा ठेवून कापायचं आणि घड्या घालायच्या. उभी केली की जमिनीवर बसणाऱ्या मुलापुढं उतरतं मेज, मिटली की खांद्याला अडकवायचं दप्तर. खर्च १० रुपयांच्या आतबाहेर. महाराष्ट्राच्या ग्रामीण शाळांमधल्या मुलांना ती दिली गेली. वाकून लिहिताना मुलांच्या पाठी दुखतात, डोळे वहीला चिकटतात, हे आम्ही शिक्षक रोज बघतो. त्यावरचं उत्तर गावातल्याच उकिरड्यावर पडलेलं असतं, हे त्या वस्तूनं मला दाखवलं.

मेज होतं तर फडताळ का नाही, म्हणून मी वर्गाच्या वाचनकोपऱ्यासाठी करायला घेतलं. अण्णा तेव्हा थकले होते, बाजेवर बसून बघायचे. म्हणाले, “लाकडाला नस असती, बाई. कागदाला कुठली नस?” मी खोक्याची कड त्यांच्या हातात दिली. त्यांनी पन्हाळीवरून नख फिरवलं, पुठ्ठा एका दिशेनं वाकवला, मग दुसऱ्या दिशेनं, आणि म्हणाले, “हाय की. उभी लाव.”

सगळं त्यात आलं. बाजूच्या उभ्या भागात पन्हाळ्या उभ्या हव्यात, म्हणजे भार त्यांच्या टोकावर येतो. त्याच आडव्या ठेवल्या तर वजनानं एकेक पन्हाळी चपटी होत जाते. फळीत मात्र पन्हाळी एका आधारापासून दुसऱ्या आधाराकडं गेली पाहिजे, नाहीतर फळी मधोमध पन्हाळीच्या रेषेवरच मोडते. फळी नुसती सपाट ठेवायची नाही. चारही कडा दुमडून ताटासारखी करायची, कारण दुमडलेली कड हीच तिची तुळई. लांबी दीड फुटाच्या पुढं नेली की मध्ये झोळ येतो, म्हणून रुंद फडताळ हवं असेल तर मधे आणखी एक उभा पडदा द्यायचा. घडी चाकूनं कापायची नाही. चमच्याच्या पाठीनं पट्टी धरून दाब द्यायचा, म्हणजे वरचा कागद अखंड राहून आत दबतो. पूर्ण उलटी दुमड हवी तिथं दाबाच्या दोन रेषा, मधलं अंतर पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट. खाच जाडीइतकीच. तीन पदरी पुठ्ठ्याला तीन-चार मिलिमीटर, पाच पदरीला सहा-सात. खाच सैल झाली की सगळं डुलतं.

डुलण्यावरचा खरा इलाज म्हणजे पाठ. चार उभे-आडवे भाग कितीही घट्ट बसवले तरी बाजूनं ढकललं की चौकोन तिरका होतो. सुतार चौकटीला कर्ण देतो तो यासाठीच. पुठ्ठ्याच्या फडताळाला मागून एक अखंड पत्रक खाचांत अडकवलं की ते काम होतं, आणि पुस्तकंही मागं पडत नाहीत. गोंद, खिळे, तारा, काहीही लागत नाही. पाठ ओढून काढली की सगळं पुन्हा सपाट.

खोकं निवडताना मी एक नियम कडक पाळते. कीटकनाशकांची खोकी शाळेत आणायची नाहीत, कितीही जाड आणि चांगली असली तरी. गळती होऊन वाळलेली बाटली त्यात होती की नव्हती हे पुठ्ठा सांगत नाही, आणि लहान मुलं बोटं तोंडात घालतात. बियाण्याच्या खोक्यांबाबतही हेच, कारण सरकीला विषारी लेप असतो. किराणा दुकानातली तेलाच्या पिशव्यांची, बिस्किटांची, वह्यांची खोकी घ्यावीत. टीव्ही-फ्रीजचं खोकं मिळालं तर उत्तम, त्यात मोठी बाजू एकाच पत्रकातून निघते.

पुठ्ठ्याचे वैरी दोन, ओल आणि वाळवी. हवेतला दमटपणा फार वाढला की पुठ्ठ्याची भार पेलायची ताकद निम्म्याच्या आसपास येते, मग पावसाळ्यात तो वजनाखाली का बसतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून खाली विटा, विटांवर प्लास्टिकचा तुकडा, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर, म्हणजे वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसते. आषाढ-श्रावणात जड पुस्तकं खालच्या फळीवर. तरीही दोन-तीन वर्षांत फडताळ बदलावं लागतं. हे मला उणं वाटत नाही. पूर्वी माळवदाची माती दर पावसाळ्याआधी चोपावी लागायची आणि भिंती सारवाव्या लागायच्या, तेव्हा कुणी घराला कच्चं म्हणत नव्हतं.

जगानं हे साहित्य संकटात आजमावलं आहे. २०२० च्या जुलैत दिल्लीत छत्तरपूरला कोविडसाठी १०,००० खाटांचं केंद्र उभं राहिलं तेव्हा तिथल्या खाटा पुठ्ठ्याच्या होत्या. आजारी माणसाचं वजन पेलणारा पुठ्ठा मुलांची पुस्तकं पेलणारच. पण संकट संपलं की ही समज विसरली जाते. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. अशा ठिकाणी मुलाला खाट आणि जेवण मिळतं. त्याचा स्वतःचा असा, वह्या आणि कंगवा ठेवायचा एक खण मात्र क्वचित मिळतो. तो देणं महागाचं काम नाही. एका मुलाला एक दीड फुटी दोन खणांचं फडताळ पुरतं, आणि ते त्यानं स्वतः कापलेलं, स्वतः दुमडलेलं असेल तर तो ते जपतो. हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे.

कागदाचाही आपल्याशी संबंध आहे. उसाचा रस काढून उरलेला बगॅस काही कागद गिरण्या लगद्यासाठी घेतात, आणि खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद आपल्या देशात रद्दी आणि असल्याच शेतीच्या उरलेल्या मालापासून मोठ्या प्रमाणात होतो. आमच्या मुलांच्या आईबापांनी तोडलेल्या उसाचा एखादा धागा त्या पुठ्ठ्यात असू शकतो. मुलांना मी हे सांगते तेव्हा ती खोक्याची फाटकी कड उन्हात धरून धागे शोधतात.

सध्या मी ज्या मापावर काम करते आहे ते कोपीचं आहे. मिटलेलं फडताळ पत्र्याच्या पेटीच्या तळाशी सपाट बसलं पाहिजे, म्हणून कुठलाही तुकडा पेटीच्या लांबी-रुंदीपेक्षा मोठा नको. कोपीला पाठ टेकायला भिंत नाही, म्हणून फडताळ स्वतःच्या पायावर उभं राहावं यासाठी खालचा खण वरच्यापेक्षा खोल करून त्यात धान्याची पिशवी ठेवायची, म्हणजे वजन तळाला राहतं. जमीन उंचसखल असते, तेव्हा चार टोकांऐवजी तीन ठिकाणी टेकणारी बैठक बरी पडते. आठवीतल्या एका मुलीनं सुचवलं की वरच्या खणाला पुढं झडप असावी, कारण कोपीत धूर फार असतो आणि पुस्तकं काळी होतात. झडपेला बिजागरी नको, पुठ्ठ्याची घडीच बिजागरीचं काम करते. दसऱ्याच्या आत तिचं फडताळ तयार करायचं आहे. टोळी निघायच्या आधी ते पेटीत बसतंय की नाही हे तिच्या आईला घरी बघू द्यायचं आहे.