सव्वा किलोची प्रतिष्ठा

प्रतिष्ठा ही वजनावर ठरते, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे. रुखवतातला हंडा उचलायला दोन माणसं लागली तर तो हंडा चांगला. ग्रंथ उशाला घेता आला तर तो विद्वत्तापूर्ण. पाहुण्याच्या हातातली ट्रंक घेताना हमालाच्या तोंडून ‘अरे बापरे’ निघालं, की पाहुणा खानदानी! कॅमेऱ्याचं तरी वेगळं का असावं? मंगल कार्यालयात गळ्यात धोंडा बांधल्यासारखा कॅमेरा अडकवून फोटोग्राफर आत शिरला, की भटजीसुद्धा मंत्र आवरते घेऊन अंतरपाट जरा डावीकडे सरकवत. तोच माणूस खिशातून साबणाच्या वडीएवढी डबी काढून उभा राहिला असता, तर त्याला वाढप्यांच्या रांगेत नेऊन त्याच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली असती.

हे सगळं आठवायचं कारण असं, की सध्या आमच्या घरात दोन कॅमेरे आहेत आणि त्यांच्यात सवतीमत्सर आहे. पहिला निकॉन डी-वन, जन्मसाल १९९९. दुसरा सोनी आरएक्स-हंड्रेड मार्क सेव्हन, जन्मसाल २०१९. पहिला आमच्या थोरल्या मेव्हण्यांचा, म्हणजे दादांचा. ते एका वर्तमानपत्रात तीस वर्षं छायाचित्रकार होते. कचेरीनं कॅमेरा मोडीत काढला तेव्हा दादांनी तो मोडीच्या भावानं घेतला, आणि नंतर घर लहान पडतं म्हणून आमच्या शोकेसमध्ये आणून ठेवला. दुसरा कॅमेरा आमच्या चिरंजीवांनी आणला. तो शर्टाच्या खिशात मावतो, त्यामुळे घरात कुणी त्याला मान देत नाही. सौ. त्याच्यावरून धूळ झटकते, दादांच्या कॅमेऱ्याला मात्र फडकं मारते. ह्यावरूनच काय ते ओळखावं.

दादा आणि चिरंजीव समोरासमोर आले, की वाद ठरलेला.

‘मामा, तुमच्या कॅमेऱ्यात पिक्सेल किती?’ चिरंजीव विचारतात. त्यांना उत्तर पाठ आहे, पण जखमेवर मीठ चोळण्यात मजा असते.

‘सव्वीस लाख,’ दादा ताठ मानेनं सांगतात. सव्वीस लाख म्हटलं की वजन येतं. दोन पूर्णांक सहा मेगापिक्सेल म्हटलं की जातं.

‘माझ्यात दोन कोटी.’

‘असतील. पेपरात फोटो छापायला किती लागतात, ते सांग.’

इथे दादांचा मुद्दा बिनतोड असतो. डी-वनचं चित्र दोन हजार बिंदू रुंद. वर्तमानपत्राच्या कागदाला एका इंचात दोनशे बिंदू दिले तरी ते खुशीत असतं. म्हणजे दहा इंच रुंदीचा फोटो पहिल्या पानावर दिमाखात बसतो. पावणेदोन कोटी बिंदू जास्त दिले म्हणून मंत्र्यांचं भाषण काही सुधारत नाही.

ह्या सव्वीस लाखांची किंमत कळायला मात्र थोडं मागं जावं लागतं. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्ह सॅसन ह्या तरुण इंजिनियरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, बिंदू फक्त दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला तेवीस सेकंद. तेवढ्यात घरातलं लहान मूल उठून, दूध पिऊन पुन्हा झोपतं. १९९१ मध्ये कोडॅकनंच निकॉनच्या एफ-थ्री कॅमेऱ्याच्या पोटात डिजिटल यंत्रणा बसवून विकायला काढली. बिंदू तेरा लाख. पण चित्रं साठवायची पेटी वेगळी, ती खांद्याला अडकवायची, आणि किंमत वीस-पंचवीस हजार डॉलर! एवढ्या पैशात कॅमेऱ्याबरोबर पेटी उचलायला माणूससुद्धा द्यायला हवा होता.

मग १९९९ साली निकॉननं डी-वन आणला. सगळं एकाच अंगात, पेटीबिटी नाही, सेकंदाला साडेचार फोटो आणि किंमत पाच हजार डॉलरांच्या घरात. शिवाय निकॉननं १९५९ पासून भिंगं बसवायची जी खोबण ठेवली होती तीच इथंही ठेवली, त्यामुळे वर्तमानपत्रांच्या कपाटातली जुनी भिंगं नव्या सुनेला सासूचे दागिने व्हावेत तशी बरोब्बर झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांतले रिळांचे आणि अंधाऱ्या खोल्यांचे दिवस भरले ते इथून.

दादांसाठी हा इतिहास पुस्तकातला नाही. वानखेडेवर कसोटी सामना असला, की चहापानापर्यंत फोटो काढायचे आणि मग रीळ घेऊन स्कूटरवरून कचेरीकडे सुटायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षांची नोकरी. ‘शेवटच्या तासात विकेट पडू नये म्हणून मी जेवढे नवस बोललोय, तेवढे फलंदाजानंही बोलले नसतील,’ असं ते सांगतात. डी-वन हातात आला आणि नवस बंद झाले. ज्या यंत्रानं माणसाचे नवस सोडवले, त्याला तो जुनं म्हणून टाकून देत नाही.

आता दोघांची मोजमापं घेऊ. डी-वनच्या पोटातला सेन्सर, म्हणजे जिथं प्रकाश पडतो ती सिलिकॉनची पाटी, साधारण २३.७ बाय १५.६ मिलीमीटर. धाकट्याचा सेन्सर ‘एक इंची’ म्हणवतो; प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर आहे. इंच गेला कुठे? तर टेलिव्हिजनच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या जाडीवरून ही नावं पडली आणि नळ्या गेल्या तरी नावं राहिली. मुंबईत फ्लॅट घेतलेल्याला हे समजावून सांगायला नको. सुपर बिल्टअप एक इंच, कार्पेट अर्धासुद्धा नाही!

म्हणजे दादांची पाटी तिपटीहून मोठी, आणि तिच्यावर बिंदू फक्त सव्वीस लाख. प्रत्येक बिंदूला जागा ऐसपैस, वाड्यातल्या माजघरासारखी. चिरंजीवांच्या पाटीवर दोन कोटी बिंदू चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे दाटीवाटीनं राहतात. दादांचा एक बिंदू धाकट्याच्या चोवीस बिंदूंएवढा पसरलेला आहे. ह्या हिशेबानं अंधारात दादांचं चित्र चांगलं यायला हवं. पण येत नाही! डी-वन १६०० आयएसओला पोचला की चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, आणि चाळीतली मंडळी त्याच उजेडात स्वच्छ चेहरा दाखवतात.

त्याचं कारण चिरंजीवांनी मला समजावलं ते असं. दादांच्या सेन्सरात प्रकाशातून जमलेला विद्युतभार विहिरीवरच्या घागरींसारखा ह्या हातातून त्या हातात सरकत कडेला जातो आणि तिथं मोजला जातो. नव्यात प्रत्येक घरात स्वतःचा नळ आहे. शिवाय पूर्वी तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेत आडवं असे, ते आता पाठीमागं नेलंय. थोडक्यात, चाळ लहान खरी, पण पाणी चोवीस तास आणि दारात सायकली लावलेल्या नाहीत. वाडा मोठा, पण पाणी आणायचं विहिरीवरून. वीस वर्षांत माणसाची घरं ज्या दिशेनं गेली, त्याच दिशेनं कॅमेऱ्याचीही गेली.

म्हणून दादा हरले असं नव्हे. डी-वनची बटणं अंधारात, पाहिल्याशिवाय, बोटांना सापडतात. धाकट्याचा मेन्यू म्हणजे तहसील कचेरी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहायचं, आणि हवं ते काम ज्या खिडकीवर होतं ती शेवटी सापडते. डी-वनला मोठं भिंग लावलं की चेहरा मागच्या गर्दीतून असा सुटून येतो, की धाकट्यानं कितीही मान लांब केली तरी त्याला ते साधत नाही. हं, बॅटरीच्या बाबतीत म्हातारबुवांचं कडक सोवळं आहे. तिला नुसतं भरून चालत नाही. अधूनमधून पूर्ण रिकामी करून भरायची. उपास आणि पारणं! चिरंजीवांची बॅटरी कधीही, कितीही खाते. फक्त अडीचशेच्या आसपास फोटो झाले की तिला पुन्हा भूक लागते.

एका गोष्टीवर मात्र दादा गप्प बसले. जुन्या व्यावसायिक कॅमेऱ्यात भिंगामागं तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड आरशावरून वर जातो आणि डोळ्याला दिसतो. खटका दाबला की आरसा वर उडतो, उजेड सेन्सरवर पडतो, आणि तेवढा वेळ फोटोग्राफरपुढं काळोख. ‘खटॅक’ हा जो मर्दानी आवाज येतो तो त्या आरशाचा. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही! धाकट्यात आरसाच नाही. तो सेकंदाला वीस फोटो काढतो आणि पडदा एकदाही काळा होत नाही.

चिरंजीवांनी हे दाखवलं तेव्हा दादा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘खरं आहे, जावईबापू. स्टंप उडाला तो क्षण सगळ्या स्टेडियमनं पाहिला, मी सोडून. आणि जो मला दिसला, त्याचा फोटो मला मिळालेला नसायचा.’

आता खरी अडचण सांगतो. तीस वर्षं उजव्या खांद्यावर पिशवी वाहून दादांचा खांदा गेला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, एक किलोच्या वर उचलायचं नाही. डी-वन बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास, भिंग वेगळं. माणसाची उमेद शाबूत, नजर शाबूत. पाव किलोनं निवृत्त झाला! धाकटा कॅमेरा तीनशे दोन ग्रॅमचा. पण त्याला हात लावायला दादा तयार नाहीत. ‘ते खेळणं आहे,’ म्हणायचे.

शेवटी मी त्यांना इतिहासाची मात्रा दिली. जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचा नाद आणि दम्याचा विकार. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन चढ चढताना त्याचा श्वास संपायचा. म्हणून त्यानं १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, मुठीत मावणारा कॅमेरा बनवला. तोच पुढं लायका ह्या नावानं १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आला. धंद्यातल्या बड्या मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली. पण तसाच एक लायका घेऊन आणि त्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीनं झाकून आंरी कार्तिए-ब्रेसाँ जगभर हिंडला. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता आणि त्यांच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यानंच काढले. दादांच्या डी-वनचा आजा जो छत्तीस मिलीमीटर रुंद चौकटीचा कॅमेरा, तो असा एका दमेकऱ्याच्या छातीतून जन्माला आला.

‘म्हणजे दादा,’ मी म्हटलं, ‘लहान कॅमेरा आळशी माणसासाठी निघालाच नाही. ज्याला ओझं झेपत नव्हतं, पण फोटो सोडवत नव्हता, त्याच्यासाठी निघाला.’

दादा काही बोलले नाहीत. पण जाताना धाकटा कॅमेरा खिशात घालून गेले.

आमच्या सासूबाई त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. मुलगा नावाजलेला फोटोग्राफर, पण आईचा धड एक फोटो नाही. डी-वन समोर आला की त्या पदर सारख्या करून, ओठ घट्ट मिटून अशा बसत, की थेट हार घालावा. ‘भिंतीवरचा काढतोस ना? काढ,’ म्हणायच्या. दादांचा खटका तिथं जड व्हायचा.

परवा दादा त्यांच्यापुढं मटार सोलत बसले होते. कॅमेरा मांडीवर, आवाज बंद. सासूबाई त्यांना त्यांच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगत होत्या. म्हैस विहिरीत पडली तिथं त्या स्वतःच हसत सुटल्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘अरे, तू फोटो काढणार होतास ना? कधी काढतोस?’

दादांनी चाळीस काढून झाले होते. आणि चाळीसच्या चाळीस क्षण त्यांना डोळ्यांनी दिसले होते.

संध्याकाळी चिरंजीवांनी ते फोटो टीव्हीवर लावले. एका फोटोपाशी सासूबाईंनी हात वर केला. चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगोबाई, ही तर माझी आई!’

जगात आता असे कॅमेरे फार राहिलेले नाहीत. जपानी कारखानदारांच्या संघटनेच्या हिशेबानुसार २०१० साली बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ऐंशी लाखांच्या आत. बाकीचे टेलिफोननं गिळले. उद्या आमचा धाकटाही शोकेसमध्ये जाईल आणि एखादा नातू त्याला ‘केवढा जड’ म्हणेल. तोवर दादा दर रविवारी डी-वन पुसायला येतात, बॅटरीचा उपास सोडतात, एकदा खटॅक करून ऐकतात, आणि निघताना खिसा चाचपून बघतात, की धाकटा आहे ना.

चिरंजीव हल्ली विचारतात, ‘बाबा, माझा कॅमेरा मामांकडून परत कधी मिळणार?’

मी त्यांना सांगितलंय, डॉक्टरांना विचार.