वेष संन्याशाचा, जीव सुभद्रेवर

१८ नोव्हेंबर १८८२. शनिवारची रात्र, गाव पुणे. दिवाळी नुकतीच सरली आहे आणि तुळशीची लग्नं तोंडावर आली आहेत. पागोटं नीट बसवा, उपरणं सावरा आणि पूर्णानंद नाट्यगृहात शिरा.

आत पाय ठेवायला जागा नाही. दिव्यांच्या तेलाचा वास, त्यात तंबाखू आणि अत्तर मिसळलेलं. मागे कुणी टिळक-आगरकरांबद्दल बोलतंय. डोंगरीच्या तुरुंगातून दोघे सुटले त्याला अजून महिना झालेला नाही. "अहो, जरा सरकून बसा," शेजारचे गृहस्थ म्हणतात, आणि तुम्ही बसता न बसता तोच विचारतात, "शाकुंतल पाहिलंत ना?" दोन वर्षांपूर्वी अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं, तेव्हापासून पुण्याच्या कानाला वेगळीच सवय लागली आहे. पूर्वी सूत्रधारच सगळ्यांच्या वतीने गायचा. आता ज्याचं दुःख त्यानेच गायचं.

पडदा वर जातो. आज 'सौभद्र'चे पहिले तीनच अंक आहेत. अर्जुन झालेत मोरोबा वाघोलीकर. सुभद्रा येते आणि तुमचे शेजारी बोलायचे थांबतात. तो भाऊराव कोल्हटकर, बडोद्याचा, वय एकोणीस. हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी तो गाऊ लागला की समोर उभी राहते ती फक्त एक मुलगी, जिचं लग्न थोरल्या भावाने तिला न विचारता ठरवलं आहे. बलरामाला दुर्योधन हवा, कृष्णाच्या मनात अर्जुन. आणि सुभद्रेचा जीव अर्जुनात गुंतलेला.

आजूबाजूला एकदा नजर फिरवा. हसणाऱ्या या माणसांच्या घरी आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं ठरतात. याच वर्षी याच शहरात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आहे. सुभद्रेचं रडणं इथे कुणालाही परकं वाटत नाही. मला या नाटकाचं मोठं बळ वाटतं ते हेच: अण्णासाहेबांनी यादवांचा वाडा पुण्यातल्या एखाद्या घरासारखा केला. हट्टी दादा, मिठ्ठास बोलून कारस्थान रचणारा धाकटा भाऊ, सगळं समजून गप्प राहणारी वहिनी.

तिसरा अंक संपतो, पण लग्न बाकीच. माणसं गुणगुणत घरी जातात.

आता काही महिने पुढे या. १८८३ साल, नाटक पाचही अंकांचं झालं आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात आला आहे आणि बलराम त्याच्यापुढे हात जोडतो! ज्याच्या हाती बहीण द्यायची नाही, त्यालाच तो भक्तिभावाने ठेवून घेतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला लावतो. प्रेक्षकांत हसू उसळतं. शेजारच्या गृहस्थांच्या डोळ्यांना पाणी आलंय, हसून हसून. कृष्णाला सगळं ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. एकट्या बलरामाला पत्ता नाही. आणि अर्जुनासाठी झुरणारी सुभद्रा समोरच्या यतीची सेवा करते आहे, तो कोण हे न ओळखता. हसता हसता तिची दया येते.

आणखी एक बघा. भगव्या वस्त्रांत दडलेला एक प्रियकर, लुगड्यात दडलेला एक तरुण. पहिल्याला ओळखलं म्हणून तुम्ही हसता, दुसऱ्याला ओळखूनही विसरता. एकाच रंगमंचावर वेषांतराचे हे दोन खेळ एकाच वेळी चालतात, आणि दुसरा साधतो तो केवळ गळ्याच्या जोरावर. पुढे हीच सुभद्रा बालगंधर्वांनी गाजवली.

अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. 'रामराज्यवियोग' अपुरंच राहिलं. भाऊरावही १९०१ मध्ये गेला, चाळिशी गाठण्याआधी.

'सौभद्र' मात्र आजही होतं. मराठीत इतकी निर्मळ, इतकी हसरी प्रेमकथा रंगभूमीवर दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात पुढचा प्रयोग लागेल तेव्हा घरातल्या तरुण मुलामुलींना घेऊन जा, आणि पहिल्या घंटेआधी जागेवर बसा. नांदी चुकवू नका.